लाईट गेल्यावर नेट, कॉम्प्युटर, पंखा चालू ठेवायचाय? यूपीएस-इन्व्हर्टर घेण्याआधी हे वाचा

पहिल्यांदाच यूपीएस किंवा इन्व्हर्टर घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. महावितरणच्या भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पुण्यात गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते, कोकणात पहिला वादळी पाऊस आला की जाते, विदर्भात एप्रिल-मे मध्ये सगळे कूलर एकदम चालू झाले की डीपीवर फ्यूज उडतो आणि वायरमन येईपर्यंत बसून राहायचं. मुंबईवाल्यांना वाटायचं की आपल्याकडे लाईट जातच नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड बसलं आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत एकदम सगळं बंद, लोकल जागच्या जागी उभ्या, आणि नेमकं तेव्हा कोरोनामुळे कितीतरी जण घरून काम करत होते.

बहुतेक लोक थेट दुकानात जातात, भाऊ एक चांगला यूपीएस दाखवा म्हणतात, दुकानदार ६०० व्हीएचा (व्हीए हे यूपीएसच्या ताकदीचं माप) डबा पुढे ठेवतो, बिल होतं, आणि घरी आल्यावर कळतं की कॉम्प्युटर जेमतेम दहा मिनिटं चालतो आणि राउटर तर दुसऱ्याच खोलीत आहे. माझं म्हणणं एकच आहे, लाईट गेल्यावर काय चालायलाच पाहिजे आणि किती वेळ, हे आधी ठरवा आणि मग वस्तू निवडा. आणि पैसे घालायचेच असतील तर बॅटरीत घाला, पेटीवरच्या डिस्प्लेत नको.

आधी कागद-पेन घ्या

घरातल्या ज्या वस्तू लाईट नसताना चालू हव्यात त्या लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे वॉट लिहा. वॉट अॅडॅप्टरवर किंवा मागच्या स्टिकरवर असतात, नसले तर व्होल्ट गुणिले अँपिअर करा. ढोबळ आकडे असे धरले तरी चालतात: एलईडी बल्ब ९ वॉट, राउटर १० ते १२, सेट टॉप बॉक्स १० ते १५, बत्तीस इंची एलईडी टीव्ही ५०, लॅपटॉपचा चार्जर ४५ ते ६५, साधा ऑफिसचा डेस्कटॉप मॉनिटरसकट १०० ते १५०, ग्राफिक कार्डवाला गेमिंग पीसी गेम चालू असताना ३०० ते ५००. साधा सीलिंग फॅन ७५ च्या आसपास खातो आणि नवीन बीएलडीसी फॅन (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. हा फॅनचा फरक लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

गीझर, इस्त्री, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, मिक्सर, पाण्याची मोटर, एसी या यादीत घालूच नका. हे सगळं बॅकअपवर चालवायचं म्हटलं तर खर्च कुठच्या कुठे जातो. फ्रिजचं सगळे विचारतात, तर दार बंद ठेवलं तर फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो, त्यामुळे तासा-दोन तासाच्या कटसाठी फ्रिज बॅकअपवर घ्यायची खरंच गरज नाही. शिवाय साध्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होताना एकदम चालू लोडच्या पाच-सहा पट करंट ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर तिथेच ओव्हरलोड दाखवून बंद पडतो.

आता दुसरा रकाना करा, किती वेळ. कॉम्प्युटरला बहुतेकांना फक्त काम सेव्ह करून नीट बंद करण्याएवढा वेळ लागतो. राउटरला चार तास पाहिजेत. पंख्याला अख्खी रात्र पाहिजे. तिन्हींना वेगवेगळा वेळ लागतो म्हणूनच तिन्हींना एकच पेटी घेणं बऱ्याचदा चुकतं.

बाजारात मिळतं ते तीन प्रकारचं

एक, राउटरचा मिनी यूपीएस, तळहाताएवढा, लिथियम सेलचा, राउटरच्या अॅडॅप्टरसारखा सरळ डीसी देतो. दोन, कॉम्प्युटरचा यूपीएस, ६०० व्हीए, १ केव्हीए वगैरे, आत छोटी सीलबंद बॅटरी. तीन, होम इन्व्हर्टर आणि त्याची मोठी बॅटरी, जी घराच्या वायरिंगला जोडतात. ज्याच्या घरी लॅपटॉप आणि वायफाय एवढंच आहे त्याने नुसता मिनी यूपीएस घेतला तरी काम भागतं, कारण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. वीस हजारांचा इन्व्हर्टर घेण्याआधी हा विचार नक्की करा.

राउटरचा मिनी यूपीएस

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त उपयोग होणारी वस्तू हीच, हजार-दोन हजारात येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राउटरचा अॅडॅप्टर हातात घ्या आणि त्यावर आउटपुट काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक १२ व्होल्ट १ अँपिअर किंवा १२ व्होल्ट १.५ किंवा २ अँपिअर असतं, काही जुन्या राउटरना ९ व्होल्ट किंवा ५ व्होल्ट लागतात. मिनी यूपीएसचे व्होल्ट तंतोतंत तेवढेच पाहिजेत. अँपिअर मात्र तेवढे किंवा जास्त चालतात, जास्त असले तर काही बिघडत नाही, राउटर त्याला हवे तेवढेच घेतो. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट लावले तर राउटर जळू शकतो. मग अॅडॅप्टरवर एक छोटं चित्र असतं, मधे ठिपका, भोवती अर्धगोल, आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे, ते पिनची पोलॅरिटी सांगतं. मधला भाग अधिक असणं हे नेहमीचं, पण मिनी यूपीएसवरही तसंच चित्र आहे ना ते एकदा पडताळा.

बॅकअपचा हिशोब करताना एमएएचच्या (बॅटरीच्या क्षमतेच्या) आकड्याने फसू नका. डब्यावर ७८०० एमएएच असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण तो आकडा सेलच्या ३.७ व्होल्टला असतो, राउटरच्या १२ व्होल्टला नाही. ७.८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण २९ वॉट-अवर (२९ वॉटची वस्तू एक तास चालेल एवढी वीज). त्यातले व्होल्टेज वाढवण्यात थोडे जातात, हातात २४-२५ उरतात. राउटर १० वॉट घेत असेल तर अडीच तासाच्या आत-बाहेर. डब्यावर चार-सहा तास लिहिलेलं असलं तरी तुम्ही अडीच तासच धरा. चांगल्या वस्तूवर वॉट-अवर स्वतंत्र लिहिलेले असतात, ते बघून घ्या.

फायबरवाल्यांनी अजून एक गोष्ट तपासायची. कंपनीच्या एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत पूर्ण काच फायबर येत असेल आणि मधे फक्त स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांना वाटून देणारा) असेल तर त्या स्प्लिटरला लाईट लागतच नाही, घरातला ओएनटी (फायबर ज्याला जोडतात तो डबा) चालू राहिला की नेट चालू राहतं. पण केबलवाल्याकडून नेट घेतलं असेल तर कधीकधी सोसायटीच्या जिन्यात किंवा डक्टमध्ये एक स्विच बसवलेला असतो, तो सोसायटीच्या लाईटवर चालतो, आणि त्याला बॅकअप नसेल तर तुमचा राउटर चालू असूनही नेट बंद. त्यामुळे मिनी यूपीएस घ्यायच्या आधी केबलवाल्याला सरळ विचारा, दादा बिल्डिंगमधल्या स्विचला बॅकअप आहे का. काही ठिकाणी घरात ओएनटी वेगळा आणि वायफाय राउटर वेगळा असतो, तेव्हा दोघांनाही बॅकअप द्यावा लागतो, दोन आउटपुटचा मिनी यूपीएस मिळतो तो घ्या आणि दोघांचे वॉट मिळून हिशोब करा.

मिनी यूपीएस राउटरच्या डोक्यावर ठेवू नका, दोन्ही गरम होतात आणि लिथियम सेलला उष्णता सोसत नाही. शेजारी मोकळ्यावर ठेवा. कधी डबा फुगलेला दिसला किंवा उबदारपेक्षा जास्त गरम लागला तर लगेच काढून टाका, अजून चालतोय म्हणून ठेवू नका.

कॉम्प्युटरचा यूपीएस

इथे पहिला गोंधळ व्हीए आणि वॉटचा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नाही, बहुतेक ३६० वॉट असतात. १ केव्हीएचे ६०० च्या आसपास. खरा आकडा मागच्या बाजूला लिहिलेला असतो, तो वाचा आणि तुमचा लोड त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंतच ठेवा.

दुसरा गोंधळ वेळेचा. ६०० व्हीएमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) एकच बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-अवर, म्हणून १२० वॉटचा पीसी चाळीस मिनिटं चालेल असं कागदावर दिसतं. पण ७ एएच हा आकडा वीस तास हळूहळू बॅटरी उतरवली तरचा आहे, म्हणजे फक्त ०.३५ अँपिअरने. पीसी तिच्यातून दहा-बारा अँपिअर ओढतो, आणि लेड अॅसिड बॅटरीला जितकं जोरात ओढाल तितकी ती कमी देते, त्यामुळे प्रत्यक्षात दहा ते पंधरा मिनिटं मिळतात, आणि दोन वर्षांनी तीच बॅटरी पाच मिनिटांवर येते. यात यूपीएस खराब नाही, तो बनवलाच सेव्ह करून बंद करण्यासाठी आहे. तासभर पीसी चालवायचा असेल तर इन्व्हर्टरकडे जा.

प्रकार तीन असतात. ऑफलाईन यूपीएस लाईट असताना लाईट तशीच पुढे पाठवतो आणि गेली की बॅटरीवर जातो. लाईन इंटरॅक्टिव्हमध्ये व्होल्टेज कमी-जास्त झालं तर आतला ट्रान्सफॉर्मर ते थोडं वर-खाली करून घेतो आणि बॅटरीला हात लावत नाही, आपल्याकडे जिथे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत खाली येतं तिथे हाच घ्यायचा, घरगुती ब्रँडेड यूपीएस बहुतेक याच प्रकारात येतात. ऑनलाईन यूपीएस सतत आतल्या इन्व्हर्टरमार्गेच लाईट देतो, बदलायला शून्य वेळ, पण महाग, पंख्याचा आवाज करणारा, घरी साध्या पीसीला गरज नाही.

तुमच्या पीसीचा पॉवर सप्लाय चांगल्या प्रतीचा, अॅक्टिव्ह पीएफसीवाला, म्हणजे लाईनमधून करंट नीट समतोल ओढणारा असेल (नवीन गेमिंग पीसीत बहुतेक असतोच) तर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखीच गुळगुळीत वेव्ह देणारा यूपीएस घ्या. साध्या यूपीएसची वेव्ह चौकोनी पायऱ्यांसारखी असते आणि असे पॉवर सप्लाय काही वेळा ती घेत नाहीत, लाईट गेल्या क्षणी पीसी बंद किंवा रिस्टार्ट, आणि माणूस म्हणतो यूपीएसच खराब निघाला.

यूपीएसच्या मागे पीसी, मॉनिटर आणि हवं तर राउटर एवढंच लावा. लेझर प्रिंटर कधीही लावू नका, तो गरम होताना एकदम हजार वॉटच्या घरात ओढतो. एका आउटलेटमधून एक्स्टेंशन काढून त्याला टेबल फॅन, चार्जर, दिवा असं लटकवत जाऊ नका. आणि यूपीएसवर यूएसबी पोर्ट असेल तर ती वायर पीसीला लावाच, बरेच जण ती डब्यातच ठेवून देतात. विंडोज अशा बहुतेक यूपीएसना लॅपटॉपच्या बॅटरीसारखंच ओळखतं आणि चार्ज कमी झाला की आपोआप बंद करायचं सेटिंग करता येतं, लिनक्सवर आणि घरच्या नॅसवरही (नेटवर्कला जोडलेला फाइल साठवायचा डबा) तशी सोय आहे. तुम्ही घरी नसताना हीच वायर तुमचा डेटा वाचवते.

नवीन आणलेला यूपीएस आधी सहा ते आठ तास नुसता चार्ज करा, मग लोड लावा.

होम इन्व्हर्टर

आता यादीकडे परत या. समजा तीन साधे पंखे, चार बल्ब, टीव्ही आणि राउटर. २२५ अधिक ३६ अधिक ५० अधिक १०, म्हणजे ३२० वॉट. १५० एएचची एक बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॉट-अवर. त्यातले काही इन्व्हर्टरच्या रूपांतरात जातात, आणि बॅटरी पूर्ण तळापर्यंत उतरवायची नसते, म्हणून १२०० धरा. १२०० भागिले ३२०, पावणेचार तास.

आता तेच तीन पंखे बीएलडीसी केले तर लोड होतो १८६ वॉट, आणि तीच बॅटरी सहा तासांच्या वर जाते. एक पैसाही बॅटरीत न घालता बॅकअप जवळजवळ पावणेदोन पट. दुकानदार तुम्हाला २०० एएचची बॅटरी किंवा दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर सांगेल, पण त्याच्या आधी पंखे बदला असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण पंखे लाईट असतानाही बिल वाचवतात आणि दुसरी बॅटरी फक्त देखभाल वाढवते.

इन्व्हर्टरची पेटी ९०० ते ११०० व्हीएची एका बॅटरीवर, १२ व्होल्टची, दोन-तीन खोल्यांच्या घराला पुरते. प्युअर साइन वेव्हच घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखा घूं-घूं करतो, मोटर गरम होते, आणि टीव्हीच्या साउंडमध्येही गुणगुण येते. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

पेटीवर एक छोटं बटण किंवा सेटिंग असतं, यूपीएस मोड आणि इन्व्हर्टर मोड, कंपनीप्रमाणे दुसऱ्याला नॉर्मल किंवा इको असंही नाव असतं. यूपीएस मोडमध्ये बॅटरीवर जायला फार कमी वेळ लागतो, पीसी रिस्टार्ट होत नाही, पण व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की तो लगेच बॅटरी वापरायला लागतो. दुसऱ्या मोडमध्ये खूप कमी व्होल्टेजही चालवून घेतो पण बदलायला जास्त वेळ घेतो आणि डेस्कटॉप तेवढ्यात बंद पडतो. त्यामुळे शहरात व्होल्टेज नीट असेल आणि पीसी असेल तर यूपीएस मोड, आणि गावी जिथे रोज संध्याकाळी दिवे मंद होतात तिथे दुसरा मोड आणि पीसीला वेगळा छोटा यूपीएस. गावात यूपीएस मोड ठेवला तर लाईट असूनही बॅटरी उतरत राहते आणि नेमकी लाईट गेली की हातात काही उरत नाही.

बॅटरीत फ्लॅट प्लेट स्वस्त पण जिथे रोज लाईट जाते तिथे दोन-तीन वर्षांत बसते. ट्युब्युलर, त्यातही टॉल ट्युब्युलर, महाग पण नीट पाणी घातलं तर पाच वर्षं सहज काढते. घ्यायच्या दिवशी बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा, सहा महिने दुकानात पडून राहिलेली बॅटरी घेऊ नका, न वापरता पडलेली लेड अॅसिड बॅटरी आतून सल्फेट धरते. वॉरंटी ३६ अधिक २४ अशी लिहिलेली असेल तर त्याचा अर्थ पहिले ३६ महिने फुकट बदलून आणि पुढचे २४ महिने नवीन बॅटरीच्या किमतीत थोडी सूट, पाच वर्षं पूर्ण बदलून नाही. कार्डावर दुकानाचा शिक्का आणि सिरीयल नंबर तिथल्या तिथे भरून घ्या.

जोडणी, इथे घाई नको

कॉम्प्युटरचा यूपीएस स्वतः लावा, पण घराचा इन्व्हर्टर इलेक्ट्रिशियनकडूनच. त्याला आधी सांगा की कुठल्या पॉइंटला बॅकअप पाहिजे, त्या पॉइंटची फेज मेनपासून तोडून इन्व्हर्टरच्या आउटपुटवर घ्यायची असते. घरात आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाईट तोडणारा स्विच) असेल, ज्याला बरेच जण ईएलसीबी म्हणतात, तर इन्व्हर्टरच्या लोडचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि बाकी घराचा न्यूट्रल कसाही एकत्र बांधला की तो ट्रिप होत राहतो. मग काही जण सरळ आरसीसीबीच काढून टाकायला सांगतात. ते करू देऊ नका. शॉकपासून जीव वाचवणारी घरातली ती फार महत्त्वाची वस्तू आहे, वायरिंग सुधारायला लावा.

अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यात, चाळीत तीन पिनचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकात वायरच नसते. यूपीएसच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही हे समजा आणि आधी ते करून घ्या, यूपीएस नंतर. हे टाळण्यासारखं काम नाही, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

बॅटरीची जागा हवेशीर पाहिजे. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून बंद कपाटात, झोपायच्या खोलीत, देवघराच्या खाली जिथे समई-निरांजन लागतं तिथे नको. जिन्याखाली, पॅसेजमध्ये, आडोशाच्या गॅलरीत ट्रॉलीवर ठेवा. ऊन आणि पावसाची झड दोन्ही लागता कामा नये. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य फार पटकन घटतं, २५ अंशांच्या वर साधारण दर दहा अंशांना निम्मं होतं असा हिशोब आहे, म्हणजे नागपूर-चंद्रपूर-अकोल्यात पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी आणि महाबळेश्वरच्या पॅसेजमधली बॅटरी यांचं आयुष्य एकसारखं कधीच नसणार.

पाणी

दर दोन-तीन महिन्यांनी, उन्हाळ्यात दर महिन्याला, बॅटरीच्या सहा झाकणांवरचे फ्लोट बघायचे. त्यातली काडी लाल खुणेपर्यंत खाली गेली असेल तर पाणी घाला, हिरव्या खुणेपर्यंतच, वर भरू नका, नाहीतर चार्जिंगला अॅसिड बाहेर येतं आणि ट्रॉली, फरशी सगळं खाऊन टाकतं. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नाही, एसीच्या पाइपचं नाही, पावसाचं नाही, उकळून गार केलेलं तर अजिबात नाही. उकळल्याने जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. आणि अॅसिड कधीही घालायचं नाही, उडून जातं ते पाणी, अॅसिड आतच असतं.

आधी इन्व्हर्टर बंद, त्याची पिनही काढा. हातातलं कडं, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा, पान्याने किंवा कड्याने दोन टर्मिनल जोडली गेली तर ठिणगी उडून हात भाजतो. जवळ खायचा सोडा ठेवा, अॅसिड सांडलं तर फरशीवर टाकायला, अंगावर उडालं तर मात्र आधी भरपूर पाण्याने धुवा. टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी आलेली दिसली तर गरम पाणी आणि सोड्याने पुसून, कोरडं करून, नट घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावा. सैल नटामुळे बॅकअप कमी होतो, टर्मिनल वितळतं, आणि लोक नवीन बॅटरी घेऊन येतात जेव्हा काम एका पान्याचं असतं.

लिथियम घ्यायचा का?

हल्ली लिथियम फॉस्फेट बॅटरीचे इन्व्हर्टर येतायत, पाणी नाही, वजन कमी, भिंतीवर लागतात, भराभर चार्ज होतात. जिथे दिवसातून दोन-तीनदा लाईट जाते तिथे ते पटतं, कारण तिथे लेड अॅसिड बॅटरीला पूर्ण चार्ज व्हायला वेळच मिळत नाही, १५० एएचला रिकाम्यापासून दहा-बारा तास लागतात. महिन्यातून दोनदा लाईट जाणाऱ्या घरात ट्युब्युलर पुरे. मात्र जुन्या इन्व्हर्टरला नुसती लिथियम बॅटरी आणून जोडू नका, चार्जिंगचं व्होल्टेज वेगळं लागतं, पेटीत लिथियमचं सेटिंग असलंच पाहिजे. लिथियमवर आयएस १६०४६ आणि यूपीएसवर आयएस १६२४२ हे बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) नंबर बघून घ्या, विनाछाप स्वस्त माल घरात नको.

यूपीएस ज्यापासून वाचवू शकत नाही ते

गावाकडे हे फार होतं म्हणून वेगळं लिहितो. थ्री फेज लाईनचा न्यूट्रल खांबावर तुटला की घरात २३० ऐवजी चारशेच्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं, बल्ब एकदम भगभगीत पेटतात आणि एका झटक्यात टीव्ही, फ्रिज, चार्जर उडतात. यूपीएस बऱ्यापैकी जास्त व्होल्टेजला बॅटरीवर जातो, पण एवढं आलं तर तो स्वतःच जळू शकतो. त्यासाठी मीटरनंतर मेनला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, तो ठरवलेल्या व्होल्टेजच्या वर-खाली सगळं घर तोडतो. इन्व्हर्टरच्या खर्चापुढे त्याची किंमत फार नाही. आणि दिवे अचानक नेहमीपेक्षा जास्त उजळले तर विचार न करता मेन स्विच पाडा.

आकाशातल्या विजेचंही तसंच. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात कडकडाट सुरू व्हायच्या आधी टीव्ही, पीसी, राउटरच्या पिना काढा, डिश आणि केबलची वायरसुद्धा. स्पाइक बोर्डवर भरवसा ठेवून बसू नका.

कोकणातल्यांनी अजून एक. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ, दोन्ही वेळा रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत लाईट यायला दिवसच्या दिवस गेले. अशा वेळी कुठलाही इन्व्हर्टर पहिल्या रात्रीनंतर रिकामा होतो. वादळाचा इशारा आला की बॅटरी पूर्ण चार्ज आहे ना बघा, पॉवर बँक भरून ठेवा, आणि पहिल्या संध्याकाळपासूनच फक्त एक बल्ब, एक पंखा आणि फोनचं चार्जिंग एवढंच चालवा. टीव्ही बंद.

घरात कोणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असेल तर त्याचा लोड ३०० ते ४०० वॉट असतो, म्हणजे वरच्या हिशोबाने १५० एएचवर जेमतेम तीन-चार तास, तेही बाकी सगळं बंद ठेवून. तिथे इन्व्हर्टर असला तरी भरलेला सिलेंडर घरात पाहिजेच, आणि डॉक्टरांशी बोलून ठेवा.

महिन्याला एक चाचणी

महिन्यातून एकदा मेन स्वतः बंद करून बघा, अर्धा तास. पीसी रिस्टार्ट होतो का, राउटर टिकतो का, यूपीएस किती वेळात सतत बीप करायला लागतो, हे लिहून ठेवा, तारीख टाकून, पेटीवरच कागद चिकटवून. बॅकअप निम्म्यावर आला की बॅटरीची वेळ झाली. यूपीएसमध्ये तशीच १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी आणून बसवता येते, फक्त टर्मिनलची पट्टी रुंद आहे का अरुंद ते जुनी सोबत नेऊन जुळवा, आणि काढताना आधी काळी वायर, लावताना आधी लाल. दोन बॅटऱ्यांचा यूपीएस असेल तर दोन्ही एकदम बदला, एक जुनी-एक नवी ठेवली तर जुनी नवीलाही ओढत खाली नेते. लांब गावाला जाणार असाल तर इन्व्हर्टर चार्जिंगवर ठेवून जा आणि आधी पाणी बघा, उतरलेली बॅटरी महिनाभर तशीच राहिली की पुन्हा उठत नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला रस्त्यावर देऊ नका, काही जण ती फोडून अॅसिड गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून ती नवीन घेता त्याच दुकानात द्या. शिशाची किंमत असते, दीडशे एएचच्या जुन्या बॅटरीचे चांगले पैसे कमी होतात, फक्त ती रक्कम बिलावर वेगळी लिहून मागा, कारण तोंडी सांगितलेल्या किमतीत एक्स्चेंज आधीच धरलंय की नाही हे नंतर कळत नाही.